हिवाळाभराच्या मुक्कामापासून आठवड्याच्या सहलीपर्यंत : आल्प्समधील स्की-पर्यटनाचा इतिहास

प्रस्तावना

पर्यटनाच्या इतिहासाचा अभ्यास करताना प्रवासी कोठे गेला, कसा गेला आणि त्याने काय पाहिले यांची भरपूर चर्चा होते. त्याच्या हाती किती दिवस होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात आज एखादे नोकरदार कुटुंब फेब्रुवारीतील एका शनिवारी पोहोचते, सहा दिवस बर्फावर स्की करते आणि पुढच्या शनिवारी घरी परतते. दीडशे वर्षांपूर्वी याच गावांत हिवाळ्यात बाहेरचा माणूस फिरकत नसे. जे पहिले पाहुणे आले ते आठवड्यासाठी आले नव्हते. ते शरद ऋतूत येऊन वसंतात परतत. संपूर्ण हिवाळ्याचा मुक्काम आखडत आठवड्यावर कसा आला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. मुक्काम जसजसा आखूड झाला तसतशी नेमक्या तारखेला बर्फ हजर असण्याची निकड वाढली, आणि ती भागविण्याचा भार डोंगरातल्या गावांवर पडत गेला, असे या इतिहासाचे परिशीलन केले असता दिसून येते.

बर्फाखालचे गाव

पर्यटनापूर्वीच्या आल्प्समध्ये बर्फ ही सोसण्याची गोष्ट होती. उन्हाळ्यात उंचावरील कुरणांवर चरणारी गुरे हिवाळ्यात गोठ्यात बांधली जात. साठविलेले गवत वसंतापर्यंत पुरले तर घर तरले, अशी अवस्था असे. डोंगरउतारावर जमलेला बर्फाचा थर एकाएकी सुटून खाली कोसळणे, म्हणजेच हिमस्खलन, हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांचे भय. स्वित्झर्लंडमधील आन्डरमाट या गावाने 1397 मध्येच लेखी बंदी घालून गावावरच्या उतारावरील वृक्षतोड थांबविली होती, कारण ती झाडे म्हणजेच गावाची तटबंदी होती. घर कोठे बांधावे, कोणता उतार टाळावा आणि मोठा हिमवर्षाव झाल्यावर किती दिवस घराबाहेर पडू नये, याचे ज्ञान शास्त्रग्रंथांत नव्हते. ते गावाच्या रचनेत आणि सवयींत मुरलेले होते.

या प्रदेशाच्या दारिद्र्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तेथून बाहेर पडणारी मुले. टिरोल, फोरार्लबर्ग आणि ग्राउब्युन्डेन या भागांतील गरीब कुटुंबे आपली सात-आठ वर्षांची मुलेही दर वसंतात दक्षिण जर्मनीतील स्वाबिया प्रांतात गुरे राखण्यासाठी पाठवीत. ही मुले बर्फ वितळण्यापूर्वीच डोंगरखिंडी पायी ओलांडीत. राव्हेन्सबुर्गसारख्या गावांच्या बाजारात शेतकरी त्यांना हंगामापुरते कामाला ठेवीत, आणि शरद ऋतूत ती थोडे पैसे व कपड्यांचे जोड घेऊन परतत. ‘स्वाबियाची मुले’ या नावाने इतिहासात नोंदली गेलेली ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. ज्या आर्लबर्ग खिंडीतून ही मुले जात, तिच्याखालून 1884 मध्ये सुमारे दहा किलोमीटर लांबीचा रेल्वे-बोगदा झाला. आधी मुले आगगाडीने बाहेर जाऊ लागली. पुढे त्याच आगगाडीने स्की घेतलेले पाहुणे आत येऊ लागले. या दोन प्रवाहांमधले अंतर जेमतेम एका पिढीचे आहे, ही बाब या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासात विशेष लक्षणीय ठरते.

रुग्णांचा हिवाळा

आल्प्समधील हॉटेले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केवळ उन्हाळ्यात चालत आणि हिवाळ्यात कुलूपबंद राहत. पावसाळ्यात झड्या लावून बंद होणारी महाबळेश्वरची जुनी हॉटेले ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या व्यवस्थेची कल्पना सहज येईल. सेंट मॉरिट्झ येथील हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांनी 1864 मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात येण्याचे आमंत्रण दिले, पसंत न पडल्यास प्रवासखर्च देण्याची पैज लावली, आणि ते पाहुणे ईस्टरपर्यंत राहिले, अशी कथा सांगितली जाते. ही कथा हॉटेल-परंपरेतून आलेली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा लागतो. तिच्यातील कालमान मात्र विचारात घेण्याजोगे आहे : पाहुणे काही महिने राहिले.

दाव्होसची कथा अधिक पक्क्या पुराव्यावर उभी आहे. 1849 च्या क्रांतीनंतर जर्मनी सोडावे लागलेले अलेक्झांडर श्पेंग्लर 1853 मध्ये तेथे वैद्य म्हणून आले. स्थानिक लोकांत क्षयरोग आढळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. फेब्रुवारी 1865 मध्ये दोन क्षयरुग्ण हिवाळ्यात तेथे दाखल झाले आणि त्यांना आराम पडला. पुढे विलेम यान होल्सबोअर या डच गृहस्थांनी श्पेंग्लर यांच्या साह्याने आरोग्यगृह उभारले आणि आगगाडीसाठी पाठपुरावा केला. ही आगगाडी 1890 मध्ये दाव्होसला पोहोचली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने 1880 पासूनचे दोन हिवाळे येथे काढले आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी येथेच पुरी केली. रुग्णाचा मुक्काम महिन्यांचा, कधी वर्षांचा असे. बर्फ आज पडते की पुढच्या पंधरवड्यात, याची त्याला घाई नसे. त्याला हवी होती कोरडी थंड हवा, ऊन आणि सज्जातली खुर्ची.

रुग्णासोबत आलेल्या नातलगांपुढे मात्र वेळ कसा घालवावा हा प्रश्न होता. घसरगाडी आणि बर्फावरचे स्केटिंग हे खेळ याच रिकाम्या वेळातून वाढले. स्कीचा प्रवेशही याच दाराने झाला.

लाकडी फळ्या आणि इंग्रज सुटी

स्की मूळची उत्तरेकडची. नॉर्वे, स्वीडन व फिनलंडमध्ये ती हजारो वर्षे वाहतुकीचे साधन होती. टेलेमार्क भागातील सोन्द्रे नोरहाइम याने 1868 मध्ये क्रिस्तियानिया (आताचे ओस्लो) येथील स्पर्धेत आपले कौशल्य दाखविले, आणि टाच घट्ट धरणाऱ्या बांधणीमुळे उतारावर वळणे घेणे सुकर झाले. फ्रित्योफ नान्सेन याने 1888 मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध होताच मध्य युरोपात या फळ्यांविषयी कुतूहल जागे झाले.

दाव्होस येथील टोबियास व योहान ब्रँगर या बंधूंनी नॉर्वेहून आलेल्या स्कीवर सराव आरंभिला. गावकऱ्यांची चेष्टा टाळण्यासाठी ते अंधार पडल्यावर बाहेर पडत, असे सांगतात. मार्च 1894 मध्ये त्यांनी एका इंग्रज पाहुण्याला सोबत घेऊन दाव्होसहून खिंड ओलांडून आरोसा गाठले. हा पाहुणा म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल. त्याची पत्नी क्षयाने आजारी होती व तिच्यासाठीच तो दाव्होसला राहिला होता. त्या वर्षअखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने या सफरीवर लेख लिहिला, आणि एक दिवस शेकडो इंग्रज केवळ स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत केले. पतीने उतारावर मौज करावी आणि पत्नीने सज्जात पडून राहावे, हे त्या हिवाळ्याचे चित्र काहीसे अस्वस्थ करणारे आहे. पण आरोग्यधामाचे क्रीडाधाम होण्याचा क्षण कोठे शोधायचा असेल तर तो येथेच सापडतो.

डॉयलचे भाकीत प्रत्यक्षात आणणारी व्यक्ती भारताशी संबंधित आहे, याची नोंद येथे करावयास हवी. हेन्री लन हे मेथडिस्ट पंथाचे वैद्यकीय मिशनरी म्हणून 1887 मध्ये भारतात आले. त्यांचा पुत्र आर्नल्ड याचा जन्म 1888 मध्ये मद्रासला झाला. प्रकृती बिघडल्याने हेन्री लन लवकरच परतले आणि मिशनऱ्यांच्या राहणीवर टीका केल्याने आपल्याच पंथीयांशी त्यांचे वाजले. 1892 पासून त्यांनी ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे परिषदा भरविल्या, आणि या परिषदांच्या प्रवासव्यवस्थेतूनच त्यांची प्रवास-संस्था वाढली. मिशनरी ते प्रवास-व्यवस्थापक हा बदल वरवर विचित्र वाटतो. परंतु टॉमस कुक यांचा व्यवसायही मद्यपानविरोधी मेळाव्याच्या आगगाडीतूनच सुरू झाला होता, हे लक्षात घेतल्यास तो तितकासा अनपेक्षित राहत नाही.

लन यांनी हिवाळ्यासाठी संपूर्ण हॉटेले आरक्षित केली आणि पब्लिक स्कूलमधून शिकलेल्यांसाठी स्वतंत्र क्लब काढला. उन्हाळ्यातच चालणारी म्युरेनची डोंगरी रेल्वे त्यांच्या आग्रहामुळे 1910 च्या हिवाळ्यात सुरू राहिली. हे पाहुणे रुग्ण नव्हते. शाळा, विद्यापीठ, पलटण किंवा कचेरी यांच्या नाताळच्या रजेत ते येत. लंडनहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी आल्प्समध्ये असे, पण परतीची तारीख निघतानाच ठरलेली असे. महिन्यांचा मुक्काम येथे प्रथम दोन-तीन आठवड्यांवर आला.

आर्नल्ड लन यांनी याच म्युरेन येथे 1922 मध्ये आधुनिक स्लॅलम शर्यतीचे नियम घडविले, आणि तेथेच 1931 मध्ये उतारशर्यत व स्लॅलम यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. म्युरेनच्या क्लबाचे नाव ‘कंदाहार’. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी 1911 मधील शर्यतीसाठी दिलेल्या चषकावरून ते आले, आणि रॉबर्ट्स यांना ते बिरुद मिळाले 1880 मधील काबूल ते कंदाहार कूचीमुळे. मैवंद येथे मुंबई सैन्याच्या तुकड्यांचा झालेला पराभव हे त्या कूचीचे कारण होते. आल्प्समधील आजच्या अनेक उतारांवर हे अफगाण नाव टिकून आहे. साम्राज्याच्या सुटीचेही एक भूगोलशास्त्र असते, ते असे.

आठवड्यात शिकविण्याची कला

आखूड सुटीचा पहिला परिणाम स्कीच्या शिक्षणावर झाला. आर्लबर्गमधील श्टुबेन गावचा हान्नेस श्नायडर (जन्म 1890) 1907 मध्ये सेंट अँटोन येथील पोस्ट हॉटेलात शिक्षक म्हणून रुजू झाला. गुडघे वाकवून, वजन पुढे टाकून आणि स्कीची टोके जवळ आणून वळण घेण्याची त्याची पद्धत पहिल्या महायुद्धात डोंगरी पलटणींना शिकविताना तावून सुलाखून निघाली. युद्धानंतर त्याने विद्यार्थ्यांचे कौशल्यानुसार वर्ग पाडले. नवशिक्या माणूस काही दिवसांत स्वतःच्या बळावर उतार उतरू लागला, आणि आठवड्याभराची सुटी सार्थकी लागली असे त्याला वाटू लागले. या पद्धतीच्या यशाचे श्रेय बहुधा तिच्या वेगाला व डौलाला दिले जाते. तिचे खरे बळ ती लवकर शिकता येण्यात होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मुलांना बाहेर पाठविणाऱ्या गावांत आता शिक्षक, स्वयंपाकी, मोलकरणी यांना घरच्या घरी काम मिळू लागले. पण या समृद्धीची दोरी दुसऱ्यांच्या हाती होती. मे 1933 मध्ये हिटलरच्या सरकारने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या प्रत्येक जर्मन प्रवाशावर एक हजार मार्कांचा कर बसविला. शेजारी राज्याला नमविण्यासाठी पर्यटक रोखणे हे शस्त्र बहुधा प्रथमच इतक्या उघडपणे वापरले गेले. टिरोलमधील जर्मन पाहुण्यांचा ओघ आटला आणि 1936 मध्ये कर उठेपर्यंत गावांनी हलाखी सोसली. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत होताच श्नायडर यांना अटक झाली. पुढील वर्षी ते अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे येथे गेले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच स्की शिकविण्यात घालविले.

पगारी रजा, कोळसा आणि लिफ्ट

सर्वसामान्य माणूस बर्फावर पोहोचण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या : रजा मिळणे आणि चढ नाहीसा होणे. फ्रान्समध्ये 1936 च्या कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण ती उन्हाळ्यात समुद्रकिनारी खर्च होई. 1956 मध्ये तिसरा आणि 1969 मध्ये चौथा आठवडा मिळाल्यावरच हिवाळ्यासाठी काही दिवस उरले. 1953 पासून फ्रेंच शाळांतील मुलांना वर्गासह डोंगरात नेण्याचा उपक्रमही सुरू झाला होता.

फेब्रुवारीच्या सुटीचा उगम याहून रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाल्याने स्वित्झर्लंडमधील शहरांत शाळा तापविणे परवडेना. त्या काळात बंद ठेवलेल्या शाळांतून पुढे तेथील ‘क्रीडा-सुटी’ रूढ झाली. ऑस्ट्रियात तेलसंकटानंतर 1974 मध्ये इंधन वाचविण्यासाठी शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर सुटी दिली गेली व ती ‘ऊर्जा-सुटी’ म्हणून कायम झाली. वाचविलेल्या इंधनाहून अधिक इंधन कुटुंबांनी मोटारीने डोंगर गाठण्यात जाळले असावे, हा भाग निराळा. या निर्णयांनी लाखो कुटुंबांची सहल एकाच आठवड्यात आणून ठेवली, हे मात्र खरे.

चढाचा प्रश्न यंत्राने सोडविला. पूर्वी स्कीच्या तळाला सीलचे कातडे बांधून दोन-तीन तास चढावे, तेव्हा एकदा उतरता येई. झुरिचचा अभियंता एर्न्स्ट कॉन्स्टाम याने दाव्होस येथे 1934 मध्ये स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला दोराने वर ओढणारी लिफ्ट उभारली. अमेरिकेतील सन व्हॅली येथे 1936 मध्ये पहिली खुर्ची-लिफ्ट आली. जहाजात केळीचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून जेम्स करन या अभियंत्याला तिची कल्पना सुचली होती. दिवसाला एक उतरण होती तेथे वीस होऊ लागल्या. सहा दिवसांच्या सहलीत पूर्वीच्या हिवाळ्याएवढी स्की करणे शक्य झाले. युद्धानंतर फ्रान्सने कूर्शेव्हेलपासून (1946) पुढे गाव नसलेल्या उंच पठारांवर सबंध वसाहतीच बांधल्या. 1964 पासूनच्या सरकारी हिमयोजनेने त्यांना चालना दिली. तेथे गोठा नव्हता, चर्च नव्हते, कोणता उतार टाळावा हे सांगणारी आजीही नव्हती.

दाव्होसचे काय झाले? स्ट्रेप्टोमायसिन व त्यानंतरच्या औषधांनी क्षय बरा होऊ लागला आणि आरोग्यधामे ओस पडली. 1900 मध्ये उघडलेले शात्झआल्प हे प्रसिद्ध आरोग्यधाम 1950 च्या दशकात हॉटेल झाले.

ताजे बर्फ

लिफ्टमुळे एक नवीच दुर्मिळता निर्माण झाली. नुकतेच पडलेले बर्फ अत्यंत हलके असते. त्याच्या एका घनमीटरचे वजन बहुधा पन्नास ते शंभर किलो भरते आणि उरलेली सर्व जागा हवेची असते. अशा भुरभुरीत थरावरून जाताना स्कीस्वाराला तरंगल्यासारखे वाटते. पण लिफ्टने वर गेलेले शेकडो लोक सकाळच्या काही तासांतच तो थर तुडवून टाकतात. मग अस्पर्शित उताराचा मोह लोकांना आखलेल्या मार्गाबाहेर नेतो.

नेमका हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. नवा थर जुन्या थराशी घट्ट बसण्यास अवधी लागतो. मधला थर कमकुवत असेल तर तीस अंशांहून अधिक तीव्र उतारावर एका माणसाच्या भारानेही सगळी लादी सुटते. जोराचा वारा असेल तर धोका आणखी वाढतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते. अर्ध्या तासानंतर ती फारच थोडी उरते. मोठ्या हिमवर्षावानंतर दोन-तीन दिवस थांबावे, हा गावकऱ्यांचा जुना नियम होता. सहापैकी तीन दिवस थांबणे आठवड्याच्या पाहुण्याला पटत नाही. दोन कालगणनांचा हा संघर्ष आहे आणि त्यात माणसे मरतात.

विज्ञानाने ही दरी बुजविण्याचा प्रयत्न केला. दाव्होसजवळील वाइसफ्लूयोख शिखरावर 1936 मध्ये एका लाकडी खोपटात हिमसंशोधन सुरू झाले, आणि पुढे त्यातून राष्ट्रीय संस्था व हिमस्खलनाची नियमित इशारा-पत्रके आली. तरीही 1951 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये 98 जणांचा बळी गेला. त्यानंतर उतारांवर पोलादी अडसर, गावांचे धोक्यानुसार विभाग आणि बांधकामावरील निर्बंध आले.

या व्यवस्थेची कठोर परीक्षा फेब्रुवारी 1999 मध्ये झाली. टिरोलमधील गाल्ट्युअर येथे अनेक आठवडे बर्फ कोसळत होते. सुटीचा हंगाम असल्याने हॉटेले भरलेली होती, आणि खोऱ्यातला रस्ता बंद झाल्याने पाहुणे अडकून पडले होते. 23 फेब्रुवारीला आलेले हिमस्खलन सुरक्षित ठरविलेल्या विभागातील घरांपर्यंत पोहोचले आणि त्यात 31 जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्त्सूर वस्तीत आणखी सात. मृतांत बहुसंख्य पर्यटक होते. पूर्वी ही लाट आली असती तर तिच्या वाटेत माणसे कमी असती, हे खरे. पण पर्यटन नसते तर त्या गावातील तरुण पिढी गावात राहिलीच नसती, हेही तितकेच खरे. गाल्ट्युअरने नंतर भलीमोठी संरक्षक भिंत बांधली, तिच्या आतच संग्रहालय केले आणि पाहुण्यांचे स्वागत पुन्हा सुरू केले.

बर्फाची हमी

अलीकडच्या दशकांत चिंता उलट दिशेने आली आहे. एखादे केंद्र भरवशाचे मानण्यासाठी हंगामात किमान शंभर दिवस तीस सेंटिमीटर बर्फ असावे, असा ठोकताळा वापरला जातो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 2007 मधील अहवालानुसार आल्प्समधील 666 स्की-केंद्रांपैकी 609 नैसर्गिकरीत्या भरवशाची होती. तापमान एक अंशाने वाढल्यास ही संख्या 500, दोन अंशांनी वाढल्यास 404 आणि चार अंशांनी वाढल्यास 202 वर येईल, असा अंदाज त्यात मांडला होता. कमी उंचीवरील लहान गावांना याची झळ प्रथम बसली.

उपाय म्हणून कृत्रिम बर्फ आले. 1950 मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात दाबाखालील हवा व पाणी फवारून ते प्रथम यशस्वीपणे तयार केले गेले, आणि 1978 मध्ये स्वित्झर्लंडमधील साव्होन्यिन येथे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आज स्वित्झर्लंडमधील निम्म्याहून अधिक आणि इटलीतील बहुतांश उतारांवर ही सोय आहे. एक हेक्टर उतारावर तीस सेंटिमीटरचा थर घालण्यास हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यासाठी डोंगरात तलाव खोदावे लागतात, आणि हवा पुरेशी थंड नसेल तर यंत्रेही निरुपयोगी ठरतात. शिवाय हे बर्फ दाट व कणीदार असते. ताज्या बर्फाचे सुख त्यात नाही; फक्त तारीख पाळली जाते. या खर्चाचा वाटा गावाच्या तिजोरीवर आणि लिफ्ट कंपन्यांच्या कर्जावर पडतो. पाहुणा मात्र बर्फ नसल्यास दुसरीकडे आरक्षण करू शकतो.

याला अपवाद म्हणावेत असे प्रयोग थोडे आहेत. त्यांतला एक दाव्होसमध्येच झाला. शात्झआल्पवरील बंद पडलेल्या लिफ्टा 2000 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सुरू करण्यात आल्या, त्या कृत्रिम बर्फाशिवाय आणि जाणीवपूर्वक संथ गतीने चालविण्याच्या धोरणावर. तेथे हंगामाची तारीख आकाशातून पडणाऱ्या बर्फावर सोडलेली आहे.